बेण्यावरची ताडपत्री

हे अजून कुणाच्याही कानावर गेलेलं नाही. माझ्या नवऱ्याच्या नाही, माझ्या आईच्या नाही — ती तर गेली आता — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं, तिच्या तर नाहीच. ती आत्ता ओसरीवर बसून लसूण सोलते आहे. मी आत बसून लिहिते. मधे एक भिंत आहे फक्त.

मी बोलणारी बाई नाही. चार माणसं जमली की माझा आवाज निघत नाही. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकटी भावंडं सांभाळली, मग लग्न. वाचायची सवय मात्र सुटली नाही — पुडीचा कागद असो की लेकराचं पुस्तक. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सांगता येतं का? असेल. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ टाळूला चिकटते.

कुठून सुरू करू? पेशीपासून करते. तुम्हाला वाटेल, पेशीचं आणि माझ्या गुन्ह्याचं काय नातं. आहे. मी काय केलं होतं ते मला पुरतं कळलं ते पेशीमुळंच.

माझी पुतणी आरती, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, कांताची मुलगी. ती हट्टा गावच्या शाळेत आठवीला होती तेव्हाची गोष्ट. कांताला अक्षर येत नाही, म्हणून आरतीचं पाठांतर घ्यायचं काम माझ्याकडं होतं. मी भाकरी थापायची, पुस्तक परातीजवळ उघडं ठेवायचं, आणि पिठाच्या बोटानं ओळ धरून बघायचं — पोरगी बराबर म्हणते का. ते पान अजून माझ्या डोळ्यापुढं आहे. दोन चित्रं शेजारी शेजारी. एक वनस्पतीची पेशी, चौकोनी, विटेसारखी. दुसरी प्राण्याची, वाकडीतिकडी गोल. आपण सगळे ह्याचेच बनलेले, आरती म्हणाली. हळद बी, म्हैस बी, तू बी, मी बी.

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू — त्या दिवसांत मला तिच्यापेक्षा जास्त ओढ लागायची त्या धड्याची. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते, पेशीभित्तिका. ती आधार देते. प्राण्याच्या पेशीला भिंत नाही, नुसतं पातळ पेशीपटल. ते वनस्पतीलाही असतं, भिंतीच्या आतून. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं ते पटल ठरवतं. मधे केंद्रक, त्याच्या हुकमानं सगळं चालतं.

"केंद्रक म्हंजे आज्जी," आरती हळूच म्हणायची, आणि ओसरीवरच्या सासूबाईंकडं डोळा करायची. "तंतुकणिका म्हंजे आपली चूल, तिथं ताकद तयार व्हती. रिक्तिका म्हंजे रांजण. झाडाच्या पेशीत मोठा रांजण, आपल्या पेशीत बारके बारके तांबे. आन् गॉल्जी म्हंजे तू, मोठी आई."

"मी काहून गं?"

"डबे बांधून ज्याचं त्याला पोचतं करायचं. तेच काम हाय त्याचं."

हिरवी लवकं फक्त झाडात. उन्हातून अन्न तीच करतात. आपल्यात ती नाहीत, म्हणून आपण दुसऱ्याचं खाऊन जगतो. हे वाक्य तिनं तोंडपाठ म्हटलं तेव्हा माझा हात थापताना थांबला होता. का थांबला, ते पुढं कळेल.

आणि लयकारिका. ह्या छोट्या पिशव्या. पेशीत नको असलेलं पचवून टाकायचं त्यांचं काम. पण पेशीला इजा झाली तर ह्याच पिशव्या फुटतात आणि आपल्याच पेशीला खातात. आत्मघाती पिशव्या, असं त्यांचं नाव पुस्तकात होतं. मी ते नाव दोनदा वाचलं.

पण मी फिरून फिरून तिथंच येते आहे, पुढं जात नाही. बघा — लिहितानाही भ्यायला होतं.

त्याच्या काही वर्षं आधी माझा दीर, कांताचा नवरा, आजारानं गेला. आरती तेव्हा पहिली-दुसरीत असेल. घरातल्यांना वाटलं, कांता आता माहेरी गोरेगावला जाईल नाही तर आमच्या हाताखाली राहील. ती दोन्ही करेना. वर्षश्राद्ध झालं आणि ती सगळ्या पुरुषांपुढं म्हणाली, विहिरीजवळचं रान माझ्या वाट्याचं हाय, त्याच्यात हळद मी लावते, माझ्या हातानं. आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही. मी दाराआड उभी होते. आमचे हे म्हणाले, "लाव. तुला कळतं शेतातलं."

तुला कळतं. मला त्या घरात येऊन किती तरी वर्षं झाली होती. हळद काढली, निवडली, शिजवली, वाळवली, जन्म गेला त्याच्यात — मला कधी कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण मी कधी तोंड उघडून मागितलं होतं का काही? नाही. हे मी तिच्यावर ढकलत नाही. असं झालं, एवढंच सांगते.

आमच्याकडं हळद काढली की गड्डे, म्हणजे मधले जाड कंद, बाजूला काढतात. तेच पुढच्या सालचं बेणं. मृग लागेपर्यंत ते सावलीला ढीग करून ठेवायचं आणि वर हळदीचाच पाला घालायचा. बेणं जिवंत असतं, त्याला हवा लागते. त्या वर्षी रानासारखी बेण्याचीही वाटणी झाली, म्हणून दोन ढीग होते. आमचा ढीग मोठ्या आंब्याच्या दाट सावलीत. कांताचा त्याच्या कडेला, तिथं दुपारनंतर ऊन यायचं. म्हणून ती पाला जास्त घालायची, रोज संध्याकाळी हात घालून बघायची, लेकराचं कपाळ बघावं तसं.

वैशाखात तिच्या वडिलांचं दुखणं वाढल्याचा फोन आला. ती आरतीला घेऊन जीपनं हिंगोलीला आणि तिथून गोरेगावला गेली. जाताना मला म्हणाली, "अक्का, बेण्यावर नजर ठेवा तेवढी."

मी म्हटलं, व्हय.

ती गेली आणि अवकाळी आभाळ भरून आलं. पाऊस पडणार हे दिसत होतं. मी पळत गेले आणि दोन्ही ढिगांवर काळ्या ताडपत्र्या टाकल्या, कडेला दगड ठेवले. हे मी बराबर केलं. पावसात बेणं भिजलं तर सडतं. रात्रभर पाऊस झाला, आणि दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की पाऊस आला होता हे खरं वाटू नये.

ऊन पडलं की ताडपत्री काढायची. हे सांगावं लागत नाही. आमच्याकडं शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल — काळी ताडपत्री, खाली ओल, वर वैशाखाचं ऊन, म्हणजे आत वाफ धरते. हळद शिजवायला कढई लागते असं नाही.

मी आमच्या ढिगावरची ताडपत्री काढली. झटकली. घडी घातली.

कांताच्या ढिगावरची काढली नाही.

आता सांगा, हे करणं झालं की न करणं? मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं की मी काही केलं नाही. हात लावला नाही, कुणाचं काही ओढून घेतलं नाही. पहिल्या दिवशी मनात एवढंच होतं — असू दे, संध्याकाळी काढते. संध्याकाळ झाली. म्हशींना पाणी पाजायला मी तिथूनच जाते-येते. दुसऱ्या दिवशी वाकून कड उचलली आणि आत हात घातला. भाकरीच्या टोपल्यात हात घालावा तशी ऊब होती. मी हात काढून घेतला, कड खाली सोडली आणि दगड पहिल्यासारखा ठेवला. दगड परत ठेवला — ह्याला विसर म्हणता येईल का?

मनात काय होतं? तुम्ही विचाराल. मीही विचारते. तिचं वाटोळं व्हावं असं नव्हतं. एकदा तरी तिचं चुकावं, एवढं होतं. एकदा ह्यांनी म्हणावं की नाही, तुला कळत नाही. त्या एवढ्याशासाठी.

ती येणार असा निरोप आला त्या दुपारी मी ताडपत्री काढली. पाला नीट पसरला. वरचा एक गड्डा उचलून मोडून बघितला. चांगलं बेणं मोडलं की कट् वाजतं आणि आत घट्ट केशरी रंग असतो. हे वाजलं नाही. मऊ वाकलं, आणि माझ्या तळहातावर पिवळं पाणी सुटलं. मी तो गड्डा विहिरीत टाकला आणि हात घासून धुतला. बाहेरून मात्र सगळं बेणं जसंच्या तसं दिसत होतं. आलेल्या वाफेनं ओलसर झालं असेल तेही चार दिवसांत सुकलं.

अजूनही वेळ होती. लागवडीला पुरते दिवस हातात होते. आमच्या ढिगातलं तिला देता आलं असतं, गावात कुणाकडूनही मिळालं असतं. एक वाक्य लागत होतं — कांता, माझ्याकडून ताडपत्री राहिली. चूक म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुणी मला फाडून खाल्लं नसतं. ते वाक्य मी बोलले नाही.

मग लागवडीचा दिवस. आमच्याकडं पहिलं बेणं सवाष्णीनं मातीत ठेवायचं असतं. सासूबाई बांधावरून म्हणाल्या, "कांते, पहिलं बेणं थोरलीच्या हातून पडू दे. उगं हट्ट करू नगं."

कांता सरीत वाकलेली होती. तिथूनच म्हणाली, "माझं रान हाय, आत्याबाई. माझाच हात लागू द्या."

सासूबाई बांधावरून उठून गेल्या. कांता पुढं आणि तिच्यामागं मी, टोपली घेऊन. ती हात मागं करायची, मी त्यात बेणं ठेवायची, ती ते मातीत ठेवायची आणि वरून तळव्यानं दाबायची. एकेक करून. माझ्या हातातून तिच्या हातात. ती गुणगुणत होती. मला माहीत होतं ह्यातलं काय आहे आणि मी देत राहिले. ताडपत्रीचं मी केलं ते एकीकडं ठेवा. हे जे मी दिलं ना, माझ्या हातानं तिच्या हातात — ह्याला कुठं ठेवू?

हळद उगवली नाही. इथं एक पान, तिथं एक पान, बाकी सगळं रान उघडं. कांता वाकून वाकून माती उकरायची. आत सडका चिखल निघायचा.

आणि गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. पाणी जास्त झालं असं कुणी म्हटलं नाही, बेणं खराब असं कुणी म्हटलं नाही. शेजारचं आमचं रान हिरवंगार होतं ना. रांडमुंड बाईनं पहिलं बेणं ठेवलं, दुसरं काय व्हणार. सासूबाई घरात, बाया पाणवठ्यावर, आणि मग — मला ह्याची कल्पना नव्हती, खरंच नव्हती — मग कांता स्वतः. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. एक दिवस चुलीपुढं बसून आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघत होती. मला म्हणाली, "अक्का, मला वाटायचं लोक उगं बोलतेत."

तेव्हा तरी? नाही. तेव्हाही नाही.

त्यानंतर तिनं बियाला हात लावलेला नाही. रान परत एकत्र झालं. ती निंदते, खुरपते, काढणीला सगळ्यांच्या पुढं असते. पण पेरणी-लागवडीच्या दिवशी बांधाच्या पलीकडं जाऊन बसते. परसातल्या कारल्याचं बी लावायचं तरी शेजारच्या रेहानाभाभीला हाक मारते. भाभी हसून म्हणते, "काहून गं कांता, माझ्या हाताला काय साखर लागली हाय? तुझं कारलं गोड निघायचं न्हाई." कांताही हसते. पण बी भाभीच लावते. इतकी वर्षं.

आता पुन्हा आठवीच्या धड्याकडं येते.

आरतीच्या सरांनी वर्गात बीटाच्या फोडी दाखवल्या होत्या. एक फोड गार पाण्यात, एक गरम पाण्यात. गार पाणी तसंच राहिलं, गरम पाणी लालभडक झालं. आरतीनं वसमतच्या बाजारातून बीट आणायला लावलं आणि घरी पुन्हा करून दाखवलं, दोन काचेच्या पेल्यात. सगळे जेवायला बसलो होतो. ती समजावून सांगत होती, अगदी मास्तरीणबाईसारखी — रंग रिक्तिकेत भरलेला असतो, तो पटलामुळं आत राहतो. उष्णतेनं पटल फाटतं. भिंत उभीच असते, म्हणून फोड बाहेरून तशीच दिसते. पण आत सगळं सांडलेलं असतं. पेशी मेलेली असते.

भिंत उभी असते, म्हणून बाहेरून तशीच दिसते. मी घास हातात धरून बसले. माझ्या तळहातावर ते पिवळं पाणी.

मग तिनं कांताकडं बघितलं. मला वाटतं त्या पोरीनं तो सगळा खटाटोप एवढ्यासाठीच केला होता. म्हणाली, "आई, त्या साली तुझ्या बेण्याला वाफ लागली असंल. मेलेली पेशी कुणाच्याच हातानं उगवत न्हाई. केंद्रक गेलं, चूल विझली — मग सवाष्ण लावू दे न्हाई तर देव लावू दे."

कांता म्हणाली, "वाफ कशानं लागंल? मी न्हवते तर तुझी मोठी आई होती की तिथं. तिनं जपलं असंल."

आरती माझ्याकडं वळली. "मोठी आई, ताडपत्री राहिली होती का गं कधी? थोडी बी?"

बघा, किती सोपं करून विचारलं होतं लेकरानं. राहिली होती का. विसरलीस का, चुकलीस का. दार उघडून धरलं होतं. मी व्हय म्हटलं असतं तर त्या ताटावरून कांता आपले हात परत घेऊन उठली असती.

मी म्हटलं, "न्हाई. ऊन पडल्या पडल्या काढली होती मी. दोन्ही."

माझा आवाज अडखळला नाही. चार माणसांत ज्या बाईचा आवाज निघत नाही, तिचा त्या दिवशी स्वच्छ निघाला. पहिलं पाप मत्सराचं म्हणा. हे कशाचं? तेव्हा मत्सर उरला नव्हता. आरतीला मी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, कांताशिवाय मला घास जात नाही. तरी म्हटलं. भ्याले. मी जशी त्यांना दिसते तशी दिसायची थांबेन, म्हणून भ्याले.

आरतीनं लाल पाण्याचा पेला उचलला. "मग दुसरं काय तरी असंल," ती म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता.

"दुसरं काय न्हाई, बाई," कांता म्हणाली. "जेव आता."

त्या दिवसानंतर मी पेशीचा धडा खूप वेळा वाचला, आरती पुढच्या वर्गात गेली तरी. जुनं पुस्तक मी रद्दीत जाऊ दिलं नाही. हिरवी लवकं आपल्यात नाहीत म्हणून आपण दुसऱ्याचं खाऊन जगतो — ते वाचलं की मी पुस्तक मिटते. कांताचं घरातलं नाव, तिचा विश्वास, तिच्या हाताचा गुण, सगळं मी खाल्लं. माझं चांगुलपण त्याच्यावर जगलं.

यंदा आरतीचं लग्न झालं. कळमनुरीला दिली. हळदीच्या दिवशी तिला पाटावर बसवलं, आणि ती हटून बसली — पहिली हळद आईच लावणार. बायांमध्ये कुजबुज झाली. सासूबाई आता नाहीत, आडवं येणारं तसं कुणी नव्हतं. आरती हसत म्हणाली, "ये गं आई. पेशीला काय समजतं, हात कुणाचा हाय ते."

कांता मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं लेका," ती म्हणाली. "दुसरं काय बी माग. माझ्या हाताचं मला ठावं हाय. तुझा संसार उगवू दे."

आरती रडायला लागली. हळदीची वाटी माझ्या हातात होती. आमच्याच रानातली हळद, विहिरीजवळच्या. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी चार पावलं पुढं गेले आणि पहिली हळद मी लावली. पायाला, गुडघ्याला, हाताला, गालाला. पोरीच्या गालावरून पाणी येत होतं, हळद ओघळत होती.

मागून कांता म्हणाली, "लावा अक्का, नीट लावा. तुमचा हात चांगला हाय."

मी लावत राहिले.

ओसरीवर तिचा लसूण सोलून झाला असावा. सूप झटकल्याचा आवाज आला. मला हाक मारेल आता. मी उठेन आणि जाईन, आणि रोजच्यासारखा स्वयंपाक करू.

कांताचा हात चांगला होता. बेणं तिच्या हातात पडायच्या आधीच मेलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं.